आवाज करत चालायचं

दादा धाडसी नव्हता, हे आधी सांगायला हवं. नंतर गावात त्याला फार नावं ठेवली गेली. नवी बायको आणि लग्नाची बहीण घेऊन जनावरांच्या रानात गेला, डोकं फिरलं होतं का याचं, असं लोक बोलले. पण मी त्याला लहानपणापासून बघत होते. विहिरीत वाकून बघायचं झालं तरी आधी कठड्याचा दगड हलवून बघणारा तो माणूस. चुलीच्या कडेला दुधाचं पातेलं दिसलं की हात भाजला तरी आत सरकवणार. वसई रोडच्या पूर्वेला एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. यंत्रांच्या भागांची चित्रं काढायची, त्यात एक रेघ चुकली तर पुढे कुणाचं तरी बोट जातं, असं तो म्हणायचा.

डोंगराची ओढ त्याला कुठून लागली कोण जाणे. आमची गिरीजची वाडी म्हणजे केळी, माड, पानवेल आणि मोगरा. आमच्या सात पिढ्यांत कुणी डोंगर चढला असेल तर तो महाशिवरात्रीला, तुंगारेश्वरच्या देवळापर्यंत. दादा मात्र रविवार आला की पिशवी पाठीला लावून निघायचा. माणिकपूरला एका चाळीच्या गच्चीवर त्याची दहा-बारा जणांची टोळी जमत असे. कामणदुर्ग, टकमक, मग पुढे नाशिककडचे किल्ले. शाळेतले शिक्षक, बँकेतले कारकून, एक शिंपी, असे सगळे. ठरवायचं दादाने आणि बाकीच्यांनी ऐकायचं, कारण त्याच्याबरोबर गेलेला माणूस धड परत येतो असा त्याचा लौकिक होता.

वहिनी त्याला तिथेच भेटली. ती खाडीकाठच्या गावातली, मिठागरांच्या बाजूची. वडलांची भातशेती. ती माणिकपूरच्या एका शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायची. मैत्रिणीबरोबर एकदा टोळीत आली आणि येत राहिली. मैत्रीण सुटली, वहिनी राहिली. दादाने घरी सांगितलं तेव्हा आई दोन महिने त्याच्याशी जेवणापुरतंच बोलली. जात वेगळी, बोली वेगळी, आणि मुलगी पुरुषांबरोबर डोंगर फिरते. शेवटी बाबांनीच आईची समजूत काढली आणि लग्न झालं. पण आई वहिनीचे शब्द पकडायची. वहिनी शाळेत स्वच्छ ‘पाणी’ म्हणायची, घरी दमून आली की तोंडून ‘पानी’ निघायचं. मग आई तांब्या पुढे करताना ‘पाणी’ असं मुद्दाम दाबून म्हणे. वहिनी हसून प्यायची. हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडत असे. ती खळी मला आठवते म्हणून लिहिते, एरवी तिचा एकही फोटो आमच्याकडे धड नाही.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत नाताळची सुट्टी आली. शाळा बंद, कारखान्याला जोडून रजा. टोळीने सातपुड्यात नरनाळ्याला जायचं ठरवलं. एवढ्या लांब कुणी गेलं नव्हतं. मी कॉलेजात होते, दादाच्या मागे लागून आलेच. आईने मला सोडलं ते एकाच कारणासाठी. वहिनी जाणारच होती, आणि टोळीत दुसरी बाई नव्हती. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने नाताळचं केलेलं गोडधोड डब्यात भरून दिलं, ते घेऊन आम्ही निघालो. अकोल्यापर्यंत रेल्वे, तिथून एस.टी.ने अकोट, आणि पुढे पायथ्याच्या गावापर्यंत एका बैलगाडीत सामान टाकून पायी.

रान आमच्याकडच्यासारखं नव्हतं. आमच्याकडे झाडं एकमेकांच्या अंगावर वाढतात. तिथे साग उभे, मोकळे, त्यांच्या खाली सुकलेल्या पानांचा थर आणि मधेमधे बोरीची झुडपं. बोरं लागली होती. पाय टाकला की पान वाजायचं.

गावात वनखात्याचा एक रखवालदार भेटला. पन्नाशीचा, खाकी स्वेटर घातलेला. दादाने त्याला बसवून घेतलं आणि एकेक विचारलं. वाघाचं विचारलं तर तो म्हणाला, वाघ तुमच्या वाटेला येणार नाही, तो तुम्हाला आधी बघतो आणि बाजूला होतो. भ्या अस्वलाला. त्याला डोळ्यांनी कमी दिसतं, खाण्यात डोकं घातलं की ऐकूही येत नाही. तुम्ही अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही, आणि कळलं की ते दचकतं. दचकलं की पळत नाही, अंगावर येतं. तोंडावरच येतं. म्हणून आवाज करत चालायचं. बोलत, गात, काठी आपटत. पहाटे आणि तिन्हीसांजेला बोरीच्या झुडपाकडे, वारुळाकडे फिरकायचं नाही. आणि आलंच अंगावर, तर पळू नका. पालथे पडा, तोंड मातीत, दोन्ही हात मानेवर. आपला चेहरा त्याला देऊ नका.

दादाने ते सगळ्यांना पुन्हा सांगितलं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली. शिंप्याला तर जमिनीवर पालथं पडून दाखवायला लावलं, तेव्हा सगळे हसले. वहिनीही हसली. मग आम्ही गात-ओरडत किल्ल्यावर चढलो. इतका गोंगाट केला की वाटेत पाखरूही दिसलं नाही.

वर एका तळ्याच्या काठी, पडक्या कमानीजवळ मुक्काम होता. दादाने काठीने मातीत आखणी केली. इथे शेकोटी, इथे तंबू, तोंडं आतल्या बाजूला. खाण्याच्या पिशव्या दूर झाडाला उंच टांगायच्या, नाताळच्या डब्यासकट. गुळाचा खडाही तंबूत ठेवायचा नाही. पाणी आणायला तिघांनी मिळून जायचं, एकाने थाळी वाजवायची. रात्री शेकोटीवर आळीपाळीने कोण बसणार, तेही ठरलं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. काही म्हणून सुटलं नव्हतं.

सुटलं होतं ते एवढंच. सकाळी उजाडताना वहिनीने मला हळूच हलवून उठवलं. पुरुषांच्यात जाग आली नव्हती. शेकोटीपाशी बसलेला एक जण पाठमोरा, शाल गुरफटून पेंगत होता. पुरुष उठायच्या आत आम्हाला आटपून यायचं होतं. बायकांना यात नवं काही नाही. गावाकडे आजही कित्येक जणी अशाच अंधुक उजेडात जातात, आणि ते कुणाला कळू न देता जातात. वहिनीने डालड्याच्या डब्यात पाणी घेतलं आणि शालीखाली धरलं. शेकोटीवरच्याला कळू नये म्हणून आम्ही पावलं जपून टाकत गेलो. पान वाजू नये म्हणून दगडांवरून गेलो. कमानीच्या मागे, पडक्या भिंतीच्या पलीकडे, जिथून काही दिसणार नाही अशा ठिकाणी. तिथे बोरीचं मोठं झुडूप होतं. आडोशाला बरं, म्हणून वहिनी त्याच्या मागे गेली. मी भिंतीपाशी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.

आधी मला वाटलं, वहिनीच खोकते आहे. मग तो आवाज वाढला. भाता ओढल्यासारखा, फुसफुस करणारा. मी वळले. झुडपातून काळं, मातकट केसांचं काहीतरी उभं राहिलं. तोंड फिकट, लांब, आणि छातीवर पांढरा पट्टा. वहिनी त्याच्या समोर होती, नुकती उठत होती. ते ओरडलं. तसला आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. वहिनी मात्र ओरडली नाही. ती वळली, अर्धी वळली, आणि त्याचा पंजा तिच्या तोंडावर बसला.

ती पडली. पडली ती तोंड मातीत घालून, आणि तिचे दोन्ही हात मानेवर गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे त्या क्षणीही तिला सांगितलेलं आठवलं होतं. अस्वल तिच्या पाठीवर होतं. मी शिट्टी फुंकली. श्वास संपेपर्यंत फुंकत राहिले, आणि हाताला लागले ते दगड फेकले. माणसं थाळ्या बडवत, जळकी लाकडं घेऊन धावत आली तेव्हा ते झुडपामागे उतरून गेलं. अगदी सावकाश गेलं, जणू काम आटोपून निघालं आहे.

दादाने तिला उलटवलं. मी तेव्हा तिच्याकडे नीट बघितलं नाही, दादाच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो शांत होता. त्याने गळ्यातला पंचा काढला, पाण्यात भिजवला, तिचा गाल जागेवर धरून डोक्याभोवती बांधला. दोन काठ्या आणि एक कांबळं घेऊन झोळी करायला सांगितलं. कुणी पुढे धरायचं, कुणी मागे, कुणी गावात धावत जाऊन गाडी बघायची, सगळं त्याने नेहमीच्या आवाजात सांगितलं. उतरताना वहिनी एकदाच बोलली. पंचाखालून तिचा शब्द नीट येत नव्हता.

“पानी,” ती म्हणाली.

दादाने कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठांना लावला. त्यानंतर अकोटपर्यंत ती शुद्धीवर होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

डावा डोळा गेला. गालाचं हाड मोडलं होतं. अकोल्याला जीव वाचवला, मग मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात महिनोन् महिने शस्त्रक्रिया झाल्या. मांडीची कातडी काढून गालाला लावली. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या देखत सांगितलं की मानेवर हात नसते तर ही बाई इथवर आली नसती. 

आई इस्पितळात पहिल्यांदा आली तेव्हा वहिनीला पट्ट्या होत्या. मला भीती होती, आई काय बोलेल. आई पलंगाशी बसली. वहिनीने तिच्याकडे पाणी मागितलं आणि मागतानाच अडखळली, शब्द सुधारून घ्यायला लागली. आईने फुलपात्र तिच्या ओठांना लावलं आणि म्हणाली, “पानी म्हण. तुझ्या तोंडी तेच बरं.”

ती घरी आली तेव्हा वाडीत आंबे उतरवायला झाले होते. आईने आधीच न्हाणीतला आणि माजघरातला आरसा काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी वहिनीने आरसा मागितला. आई टाळत होती. वहिनी म्हणाली, सगळ्या गावाने बघायच्या आधी मला बघू दे. मी आरसा आणून दिला. तिने तो उजेडाकडे धरला, डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं, गालावरून बोट फिरवलं. मग मला परत दिला आणि तांदूळ निवडायला बसली. त्या दिवशी तिने निवडलेल्या तांदळात खडे राहिले. बाबांच्या दाताखाली आले, पण ते गिळून गेले.

लोक येत. गिरीजमधलेच नाही, वटारहून, कुठून कुठून. केळीची फणी, नारळ घेऊन येत, बसत, आणि वहिनीकडे बघत. लहान मुलं आयांच्या पदरात तोंड लपवत. कुणी म्हणे, नशीब. कुणी म्हणे, पायगुण. एक बाई, आमच्या नात्यातली, बराच वेळ बसून राहिली. चहा झाला तरी उठेना. शेवटी आईने तिच्या हातातली बशी घेतली.

“बघून झालं असेल तर घरी जा,” आई म्हणाली.

ती बाई पुन्हा आली नाही. हळूहळू बाकीचेही कमी झाले.

जूनमध्ये वहिनी शाळेत गेली. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, त्यांनी जागा राखून ठेवली होती. पण पहिलीची मुलं. पहिल्या दिवशी दोघं-तिघं रडली, दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारातच अडली. आठवड्याभरात काही आयांनी येऊन सांगितलं की आमची मुलं झोपेत ओरडतात. मुख्याध्यापिकाबाईंनी वहिनीला कचेरीतलं काम देऊ केलं. तिने थोडे दिवस ते केलं. मग एका दुपारी लवकर घरी आली, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, उद्यापासून मी वाडीत. कुणी का म्हणून विचारलं नाही. ती मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जाऊ लागली, पानवेलीला बांधणी करायला शिकली, केळीचे कोंब काढायला शिकली. बाबा म्हणायचे, हिच्या हाताला माती मानवते. पण मला दिसायचं की दुपारी शाळा सुटायच्या वेळी ती वाडीच्या मागच्या बाजूला निघून जाते. रस्त्याने जाणारी मुलं तिला दिसू नयेत म्हणून, की ती मुलांना दिसू नये म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

दादाने डोंगर सोडले. पाठपिशवी, दोर, तंबू, सगळं टोळीतल्या शिंप्याला देऊन टाकलं. वर्षभरात टोळीही मोडली. पण त्याची काळजी सुटली नाही, उलट ती घरात शिरली. विहिरीला जाळी बसवली. वाडीत शिरताना तो मोठ्याने खाकरायचा, दरवाजे वाजवायचा. वहिनी संध्याकाळी पानवेलीकडे गेली की थोड्या थोड्या वेळाने हाक मारायचा, आणि तिने ओ दिली नाही तर काम टाकून धावायचा. तिला ते त्रासाचं होत असणार. तरी ती दर वेळी ओ द्यायची.

एक गोष्ट मात्र त्याने केली नाही. काय झालं, कसं झालं, हे त्याने तिला कधीच विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे तो बघत नव्हता असंही नाही. बघायचा, पण उजव्या बाजूने येऊन बसायचा, आणि बोलायचा ते केळीचं, पंपाचं, बाबांच्या दम्याचं. विचारायचा तो मला. ती झोपली किंवा वाडीत असली की मला अडवून विचारायचा. भिंतीपासून झुडूप किती लांब होतं. वारा कुठून होता. आणि शेवटी नेहमी तेच.

“आवाज का नाही केलात तुम्ही? एवढं सांगितलं होतं.”

मी काय सांगणार. उत्तर साधं होतं, पण ते बहिणीने भावाला सांगावं असं नव्हतं. निदान आमच्या घरात नव्हतं. मी म्हणायचे, सुचलं नाही. तो मान हलवायचा, आणि महिन्याभराने पुन्हा विचारायचा. मला वाटतं, त्याला मनातून वाटत होतं की आम्ही दोघींनी हलगर्जीपणा केला. तसं तो बोलला नाही. पण माझ्याशी तो पूर्वीसारखा राहिला नाही एवढं खरं.

माझं लग्न वटारला झालं. चार पावलांवर माहेर, म्हणून वरचेवर जात असे. वर्षं गेली. त्या दोघांना मूल झालं नाही. का झालं नाही हे विचारायची गरज मला पडली नाही, कारण दादाचं अंथरूण बाहेरच्या पडवीत गेल्याला बराच काळ झाला होता. बाबा गेले. आई थकली आणि वहिनीच्या हातचंच खायला लागली. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होत चाललं होतं, पानवेल पूर्वीसारखी धरत नव्हती. तरी वाडी चालली होती, ती वहिनीच्या जिवावर.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला केव्हातरी, मी माहेरी आले होते त्या दिवशी, माणिकपूरहून कॉलेजातली मुलं आली. सातआठ मुलं आणि तितक्याच मुली. दिवाळीनंतर सातपुड्यात पदभ्रमणाला जायचं होतं, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की गिरीजला एक गृहस्थ आहेत, त्यांना तिकडची माहिती आहे. बाकीचं बहुधा सांगितलं नव्हतं, कारण वहिनी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सगळी एकदम गप्प झाली.

दादा म्हणाला, मला काही आठवत नाही, तुम्ही वनखात्याला विचारा. उठला आणि आत गेला. मुलं ओशाळून पिशव्या आवरायला लागली.

वहिनी ओटीच्या पायरीवर बसली. डोक्यावरचा पदर सरळ केला, पण पुढे ओढला नाही. म्हणाली, बसा, मी सांगते. मग तिने सांगायला सुरुवात केली, शाळेत शिकवायची तशी, सावकाश. बोरीची झुडपं, वारुळं, पहाटेची वेळ. काठी आपटत चालायचं. पालथं कसं पडायचं, हात कुठे ठेवायचे. एक मुलगा लिहून घेत होता. तिने त्याला थांबवलं आणि म्हणाली, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी जे सांगणार आहे ते मुलींनी ऐका, आणि मुलांनीही ऐका.

“सकाळी तुम्ही चोरून जाल,” ती म्हणाली. “आपण सगळ्या तशाच जातो. आई शिकवते, कुणाला कळू देऊ नकोस. मीही तशीच गेले. पान वाजू नये म्हणून दगडावरून गेले. डोंगरभर मी ओरडत फिरले, पण तिथे जाताना मला लाज वाटली. तिथे गप्प जाऊ नका. बोलत जा, डबा वाजवत जा. आणि ज्याने मुक्काम आखला असेल त्याला तोंडावर विचारा, आमची जागा कुठे.”

कुणी हसलं नाही. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने विचारलं, तुम्ही ओरडला का नाहीत, ते समोर आल्यावर? वहिनी म्हणाली, ओरडले असते तर सगळे धावत आले असते, आणि माझे कपडे सावरायचे होते. तेवढाच वेळ होता, तो त्यात गेला.

हे मलाही माहीत नव्हतं. मी तिच्या पाठीमागे उभी होते आणि इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की ती घाबरून गप्प राहिली.

मी आत वळले. दादा माजघराच्या दाराशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता तो मागच्या दाराने वाडीत गेला.

मुलं गेल्यावर मी त्याला चहा घेऊन गेले. तो पंपाच्या खोलीबाहेर दगडावर बसला होता. मी कप ठेवला. 

“शेकोटी आखली, तंबू आखले,” तो म्हणाला. “गुळाची पिशवी कुठे टांगायची ते आखलं. तुम्हा दोघींचं काही आखलंच नव्हतं.”

मी म्हटलं, तेव्हा कोण आखत होतं. कुणीच नाही.

“मी आखायला हवं होतं.”

मला वाटलं होतं, हे एकदा बोललं गेलं की काहीतरी सुटेल. तो आत जाईल, तिच्याशी बोलेल. रात्री जेवताना मी दोघांकडे बघत होते. वहिनीने त्याला भात वाढला. त्याने पुरे म्हटलं. आई मधे काहीतरी विचारत होती, तिला दोघांनी उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वटारला परत आले.

पुढे काही महिन्यांनी दादाने वापीला नोकरी धरली. पगार बरा होता, असं तो सांगायचा. तिथे खोली घेऊन राहायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा, रविवारी दुपारी जायचा. मी एकदा वहिनीला विचारलं, तू का जात नाहीस त्याच्याबरोबर. ती मोगऱ्याच्या कळ्या पानात बांधत होती. म्हणाली, आधी मी त्याच्यासाठी एक चूक होते, दुसऱ्या कुणाची तरी. आता मी त्याची स्वतःची चूक झाले. रोज उठून ती त्याने बघावी असं मला वाटत नाही.

मी म्हटलं, तू त्या दिवशी बोलली नसतीस तर?

ती म्हणाली, तर त्या मुली गप्प गेल्या असत्या.

आई तिच्या मांडीवर गेली. शेवटच्या दिवसांत आईला माझं नाव आठवायचं नाही, वहिनीला मात्र हाक मारायची. दादा वापीहून पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. तेराव्यानंतर तो परत गेला, आणि घरात वहिनी एकटी राहिली. मी सांगून बघितलं, आमच्याकडे चल. ती आली नाही. केळीला पाणी कोण सोडणार, म्हणाली.

शनिवारी मी कधी गेले तर ती दोघं ओटीवर बसलेली असायची, तो तिच्या उजव्या हाताला. पंप दुरुस्त झाला का, केळीचा घड कुणी नेला, असं बोलणं चाललेलं असायचं. मी आले की दोघांनाही बरं वाटायचं, ते दिसायचं. त्यांच्यात भांडण असं कधीच झालं नाही. एकदा तरी झालं असतं तर बरं, असं मला अजून वाटतं.